भाव चुकला की वजन चुकतं : खान्देशात पहिला धंदा टाकणाऱ्यांसाठी

वैशाखातली दुपार होती. चोपड्याला आमच्या शेडमध्ये भट्ट्या बंद करून सगळे पाणी पीत बसले होते, तेवढ्यात गावातला एक पोरगा आला. बी.कॉम. झालेला, पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परतलेला. म्हणाला, "काका, मला केळीच्या वेफर्सचा धंदा टाकायचाय. मशीन कोणतं घेऊ?"

मी म्हटलं, "मशीनचं नंतर बघू. तुझ्या पाकिटात किती ग्रॅम माल असेल, ते सांग."

तो हसला. त्याला वाटलं मी टाळतोय. पण गेली अकरा वर्षं हा धंदा करताना जे काही शिकलो, ते या एका प्रश्नात येतं. व्यवसायातली नीती हा पुस्तकात शेवटी येणारा धडा असतो, असं आपण समजतो. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक माणसं मुळात लबाड नसतात. ती सुरुवातीला हिशोब चुकवतात आणि मग तो भरून काढण्यासाठी लबाडी करायला लागतात. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये हिशोब आणि नीती वेगवेगळे काढलेले नाहीत. उदाहरण वेफर्सचं आहे, कारण मला तेच येतं. तुमचं पापडाचं, डाळीचं, मिरची पावडरचं काही असलं तरी आकडे बदलतील, गणित तेच राहील.

पायरी १ : आधी कळू द्या की आपण कोण होणार आहोत

नोकरदाराला पगार ठरलेला असतो. व्यापारी तयार माल घेतो आणि विकतो. उद्योजक काय करतो? शेतकऱ्याला, मजुराला, बँकेला, दुकानमालकाला ठरलेले पैसे आधी देतो आणि शेवटी जे उरेल ते स्वतः घेतो. कधी भरपूर उरतं, कधी काहीच नाही, कधी खिशातून घालावं लागतं. याला जोखीम म्हणतात. नफा हा या जोखमीचा मोबदला आहे. ज्याला दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम हवी आहे, त्याने धंदा टाकू नये. त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या भागात उदाहरणं शोधायला लांब जायला नको. चोपड्याहून तापी ओलांडली की अमळनेर. तिथे १९४५ साली वनस्पती तेलाची कंपनी सुरू झाली, तीच पुढे विप्रो झाली. पुढे जैन इरिगेशन उभी करणारे वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये जळगावात रॉकेल विकण्यापासून सुरुवात केली, घरची शिल्लक सात हजार रुपये घालून. १९७८ मध्ये त्यांनी केळी पावडरचा एक आजारी कारखाना घेतला आणि तिथे केळी पावडर न करता पपईच्या चिकापासून पेपेन नावाचं एन्झाइम काढायला सुरुवात केली. मला यातलं शेवटचं महत्त्वाचं वाटतं. आपण केळीच्या जिल्ह्यात आहोत, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण माल मुबलक आहे म्हणून धंदा चालेलच असं नसतं. आधी गिऱ्हाईक लागतं.

ते शोधायची रीत साधी आहे. वही घ्या, वीस दुकानं फिरा. किराणा, बस स्टँडवरची टपरी, हायवेवरचा ढाबा. प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारा : आठवड्याला वेफर्सची किती पाकिटं जातात, कोणत्या वजनाची जातात, आणि आत्ताच्या मालाबद्दल तक्रार काय आहे. तिसऱ्या प्रश्नावर दुकानदार भरभरून बोलतो. "नरम पडतात", "तेलकट लागतात", "माणूस महिना महिना फिरकत नाही". तुमचा धंदा यातल्या एखाद्या वाक्यातून निघेल.

पायरी २ : कॉस्टिंग, आणि तेही घाम फुटेपर्यंत

ही पायरी मोठी आहे. उरलेल्या सगळ्या घाईत वाचल्यात तरी चालतील, ही वाचू नका घाईत.

एक किलो वेफर्सचा खर्च मांडू. आकडे आमच्याकडचे, ढोबळ आहेत. केळीचा भाव कांदेबाग आणि मृगबाग या लागवडीच्या दोन हंगामांचा माल येईल तसा खाली-वर होतो, त्यामुळे तुमचे तुम्ही घाला. साल, देठ, पाणी जाऊन साधारण चार किलो कच्च्या केळीतून एक किलो वेफर्स निघतात. बारा रुपये किलोने धरले तर केळीचे ४८ रुपये. वेफर्समध्ये मुरलेलं तेल ४४. गॅस १८. सोलणं, तळणं, पॅकिंगची मजुरी ३०. दोनशे ग्रॅमची पाच पाकिटं, १२. मीठ-मसाला ३. गाडीभाडं ८. झाले १६३ रुपये.

नवा माणूस इथे थांबतो. खर्च १६३, मग दुकानदाराला १९० ने देऊ, किलोमागे २७ रुपये सुटतात, दिवसाला पन्नास किलो केले तर... आणि मनातल्या मनात बुलेट बुक होते.

आता त्याने न धरलेल्या गोष्टी बघा. रोज थोडं थोडं तेल टाकून द्यावं लागतं, त्याचे ८. शेडचं भाडं, वीज, मशीनची झीज मिळून १२. चुरा झालेला आणि दुकानातून परत आलेला माल, ७. आणि स्वतःची मजुरी, २०. हे ४७ रुपये मिळवले की किलोला खरा खर्च २१० होतो. म्हणजे १९० ने विकणारा माणूस प्रत्येक किलोला २० रुपये तोटा करतोय, आणि त्याला ते माहीत नाही. पहिले तीन-चार महिने घरचे पैसे जात राहतात तोवर तो खूश असतो.

मग एक दिवस कळतं. भाव वाढवायची हिंमत नसते, दुकानदार म्हणतो बाकीचे १९० नेच देतात. आणि इथे पाकिटाकडे लक्ष जातं. दोनशेच्या ऐवजी एकशे ऐंशी ग्रॅम भरले, तर एका किलोत पाचऐवजी साडेपाचहून थोडी जास्त पाकिटं निघतात. पाकीट ३८ रुपयांना जातंच आहे. एवढ्या पाकिटांचे झाले साधारण २११. खर्च २१०. तोटा गायब!

हा हिशोब मी मुद्दाम शेवटपर्यंत मांडला. वीस ग्रॅम कमी भरणारा प्रत्येक जण काही चोर म्हणून जन्माला आलेला नसतो. त्याने पहिल्या दिवशी स्वतःची मजुरी धरलेली नसते, एवढंच.

आम्ही काय करतो ते सांगतो. पाकिटावर छापील किंमत ६०. दुकानदाराचे वीस टक्के म्हणजे १२ रुपये गेले की आमच्या हातात ४८, किलोला २४०. किलोमागे ३० रुपये राहतात, जीएसटी भरायची वेळ आली की तेही कमी होतात. पाकीट स्वस्त नाही हे मान्य आहे. काही दुकानदारांनी माल ठेवलाच नाही. पण जे ठेवतात त्यांना वजनाची खात्री आहे.

या गणितातून दोन शब्द शिकून घ्या. माल काढला नाही तरी द्यावा लागतो तो स्थिर खर्च : भाडं, हप्ता, किमान वीजबिल. माल वाढेल तसा वाढतो तो बदलता खर्च. महिन्याचा स्थिर खर्च भागिले किलोमागे उरणारी रक्कम (विक्रीभावातून बदलता खर्च वजा करून), जेवढे किलो येतील तेवढे विकल्यावर तुमचा तोटा थांबतो. याला ना नफा ना तोटा बिंदू म्हणतात. हा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवा. आमच्या भट्टीच्या मागे अजून आहे, धुराने काळा झालाय.

पायरी ३ : काटा

आमच्याच हातून झालेली चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत पॅकिंगला बसणाऱ्या ताईंना मी काटा दाखवला, दोनशे दिसले की सील करा म्हणून सांगितलं. त्या अगदी मन लावून दोनशेच भरायच्या. पण रिकामं पाकीट काट्यावर ठेवून शून्य करायचं असतं, हे मी सांगितलंच नव्हतं. आमचं पाकीट जाड, सहा ग्रॅमचं. तीन महिने आम्ही १९४ ग्रॅम माल दोनशे म्हणून विकला. अडावदच्या एका दुकानदाराने पाकीट फोडून माल तेवढा तागडीत टाकला आणि मला फोन केला, "भाऊ, माल चांगला शे, पन वजन कमी शे."

मी आधी वाद घातला. मग रात्री काट्यासमोर बसून बघितलं तर त्याचंच खरं. दुसऱ्या दिवशी फिरलो, नऊ दुकानांतून शिल्लक माल उचलला. पैसे गेले ते गेलेच, पण त्या माणसाने आजतागायत दुसऱ्या कुणाचा माल ठेवला नाही.

म्हणून : रोज सकाळी काटा तपासा. रिकामं पाकीट ठेवा, शून्य करा, मग भरा. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का मुदतीत मारून घ्या. एखाद्या पाकिटात एखाद-दुसरा ग्रॅम इकडेतिकडे झाला तर कायदा समजून घेतो, पण सरासरी कमी भरली की सुटका नाही. आम्ही २०३ वर सील करतो.

पायरी ४ : पैसा कुठून आणायचा, आणि तो कुठे अडकतो

मशीन, कढई, शेडची डागडुजी हे स्थिर भांडवल. केळी, तेल, मजुरी यासाठी रोज फिरणारा पैसा म्हणजे खेळतं भांडवल. नवीन धंदे बुडतात ते बहुतेक खेळतं भांडवल कमी पडल्यामुळे. कारण असं, की केळी रोखीने घ्यावी लागते, मजुरी आठवड्याला द्यावी लागते, आणि दुकानदार पैसे देतो महिन्याने. वहीत नफा दिसतो आणि खिशात गॅसच्या टाकीचे पैसे नसतात. किमान दीड महिन्याचा खर्च बाजूला असल्याशिवाय भट्टी पेटवू नका.

कर्जासाठी मुद्रा योजना आहे. शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत, तारणाशिवाय. अन्नप्रक्रियेसाठी २०२० मध्ये सुरू झालेली पीएमएफएमई योजना आहे. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान, आणि स्वतःचा वाटा किमान १० टक्के. ती अजून चालू आहे का, याची चौकशी कृषी विभागाच्या जिल्हा कार्यालयात करा. पीएमईजीपी, म्हणजे नव्या धंद्याच्या कर्जाला अनुदान देणारी केंद्राची योजना, तिच्यासाठी जिल्हा उद्योग केंद्र गाठा. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत राहतात, म्हणून गेल्या वर्षी कुणाला काय मिळालं त्यावर विसंबू नका.

आता एक कटू गोष्ट. तुम्ही अर्ज करायला निघालात की कुणीतरी भेटेलच, जो म्हणेल, "मशीन चार लाखांचं, कोटेशन सहाचं आणतो. तुमचा वाटा भरायची गरजच नाही." याला नाही म्हणा. नीती बाजूला ठेवली तरी बघा : कर्ज सहाच्या हिशोबाने बसतं, हप्ता त्यावर जातो, मशीन मात्र चारचंच काम करतं. शिवाय अनुदान हातात मिळत नाही, ते तीन वर्षं बँकेत अडकून राहतं. त्या तीन वर्षांत धंदा बंद पडला तर काय, हे तो माणूस सांगायला थांबत नाही.

पायरी ५ : कागद

पटापट सांगतो. उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. मी पहिल्या वेळी एका एजंटला दीड हजार दिले होते, तुम्ही देऊ नका. अन्नाचा धंदा असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना पहिल्या पाकिटाआधी हवा. किती उलाढालीला नोंदणी आणि किती पुढे परवाना, ते अर्जाच्या दिवशी पोर्टलवर बघा, मर्यादा बदलतात. मिळणारा चौदा आकडी नंबर पाकिटावर छापायचा. त्यासोबत उत्पादकाचं नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावं ते, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन नंबर आणि हिरवा ठिपका.

जीएसटीबद्दल आपल्या भागातला माणूस हमखास फसतो. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ती सवलत राज्याच्या आत विकणाऱ्याला आहे. रावेरहून बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर, नवापूर-नंदुरबारहून सुरत जवळ. तिकडच्या दुकानात दहा हजारांचा करपात्र माल टाकला तरी तो परराज्यातला पुरवठा, आणि नोंदणी आधी लागते. सीमेवरच्या गावात राहणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पायरी ६ : भागीदार

मित्रासोबत सुरू करणार असाल तर शंभर टक्के लिहून घ्या. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटला जातो. तुम्ही तीन लाख घातलेत आणि मित्राने पन्नास हजार, तरीसुद्धा. आणि फर्मची नोंदणी नसेल तर उधारी बुडवणाऱ्या दुकानदारावर फर्मला दावाही लावता येत नाही. "आपल्यात कागद कशाला" हे वाक्य आपल्याकडे फार प्रेमाने म्हटलं जातं. मी दोन सख्खे मावसभाऊ एकमेकांच्या लग्नाला न गेलेले पाहिले आहेत, तेही एका दळण्याच्या चक्कीपायी.

एकट्याने सुरू करायचं तर मालकी पद्धत पुरे. कंपनी वगैरे नंतर.

पायरी ७ : शेतकरी आणि मजूर

वेफर्सला देखणी निर्यातीची केळी लागत नाही. घड निवडून गेल्यावर मागे राहते ती वापसीची केळी बऱ्याचदा चालते. ती स्वस्त मिळते, आणि तिथेच हात आखडतो. बोर्डावर एक भाव, बांधावर दुसरा, वर दांड्याच्या वजनाच्या नावाने कटती, म्हणजे कपात. ज्याची केळी काढायला आली आहे तो शेतकरी वाट बघू शकत नाही, हे खरेदी करणाऱ्याला माहीत असतं. वरच्या हिशोबात केळीचे ४८ रुपये धरले. शेतकऱ्याला किलोमागे एक रुपया जास्त दिला तर वेफर्सचा खर्च चार रुपयांनी वाढतो, आमच्या तिसातले चार. सोपं नाही, मी सोपं म्हणणारही नाही. पण मंदीत ज्यांना भाव पाडून मागितला नाही, त्या तीन शेतकऱ्यांनी तेजीत मला माल दिला. त्या वर्षी चोपड्यात दोन भट्ट्या केळीअभावी बंद होत्या.

मजुरीचं एकच पथ्य : बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पैसे हातात. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून बाया येतात, त्यांचा आठवडा बाजाराभोवती फिरतो. एक दिवस उशीर म्हणजे तेल-मीठ उधारीवर. बाईला आणि बाप्याला एकाच कामाचे सारखे पैसे. चौदा वर्षांखालचं पोर भट्टीजवळ फिरकू द्यायचं नाही, ते आईसोबत आलेलं असलं तरी नाही. उकळत्या तेलाशी खेळ आहे हा.

पायरी ८ : तेल आणि "उपवास"

तळून तळून तेल खराब होतं. तेल बिघडताना त्यात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरायचं नाही, हा नियम २०१८ पासून आहे. मोजायचं मीटर मिळतं. ते नसेल तर फेस लवकर बसत नाही, रंग काळपट पडतो, कमी आचेवरच धूर येतो आणि घशाला खवखवतं, या खुणा ओळखा. आपल्याकडे सर्रास चालतं ते असं, की जुन्यातच वरून नवं तेल ओतत राहायचं. त्याने जुनं नवं होत नाही. आणि काढलेलं तेल वड्याच्या गाडीवाल्याला विकायचं नाही, तो कितीही भाव देवो. बायोडिझेलसाठी वापरलेलं तेल उचलणारे असतात, त्यांना द्या आणि पावती ठेवा.

आषाढी, श्रावण, नवरात्र हा आमचा हंगाम. पाकिटावर "उपवासासाठी" छापलं की माल दुप्पट जातो. पण त्याच कढईत आदल्या रात्री बेसनाची शेव तळलेली असेल तर? कुणाला कळत नाही. जिभेलाही नाही. आमच्याकडे उपवासाच्या मालाची कढई वेगळी आहे, मीठ सैंधव आहे, आणि पाम तेल वापरतो ते घटकांमध्ये पाम तेल म्हणूनच छापतो. एका वितरकाने सुचवलं होतं की पाकिटाच्या पुढच्या बाजूला शेंगदाण्याचं चित्र टाका. चित्र म्हणजे काही लिहिणं नव्हे, असं त्याचं म्हणणं.

पायरी ९ : उधारी

दुकानदाराकडून सही घेतल्याशिवाय माल उतरवू नका. मागची बाकी मिळाल्याशिवाय तिसरी गाडी देऊ नका. मोठा खरेदीदार असेल, मॉल किंवा मोठी कंपनी, तर उद्यम नोंदणी इथे कामी येते. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज चढतं. बिलावर उद्यम क्रमांक छापून ठेवा, आठवण करायची वेळ कमी येते. हाच नियम उलट बाजूनेही लावा : पाकिटं छापणाऱ्याचे, गाडीवाल्याचे पैसे तुम्ही किती दिवसांत देता?

तो पोरगा हे सगळं ऐकून गेला. मला वाटलं आता काही येत नाही. पाचव्या दिवशी वही घेऊन आला. वीस नाही, चौदा दुकानं फिरला होता, पण तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं नीट लिहून आणली होती. मागच्या पानावर किलोचा खर्च होता. केळी, तेल, टाकून द्यायचं तेलसुद्धा, गॅस, भाडं, चुरा. मी बोट फिरवत खाली आलो. "स्वतःची मजुरी" असं लिहिलेलं होतं, आणि पुढे जागा कोरी.

"हे?"

"काका, पहिल्या वर्षी मी काही घेणार नाही ना."

मी त्याच्याकडे पेन दिला.